फोनच्या ठोक्यामागचा माणूस: पिएर क्युरी आणि गारगोटीचं घड्याळ

आज ॲप नाही, नवीन फोन नाही, एका माणसाची गोष्ट सांगतो. पिएर क्युरी. शाळेत हे नाव ऐकलेलं असतं, पण बहुतेक वेळा मेरी क्युरी यांचे पती म्हणून. रेडियम, नोबेल, संपला धडा.

मी एम्बेडेड लिनक्सवर काम करतो. नवीन सर्किट बोर्ड तयार झाला की त्यावरची घड्याळं लिनक्सच्या कर्नलला समजावून सांगणं हा माझ्या कामाचा एक भाग आहे. त्यामुळे माझ्यासाठी पिएर क्युरी म्हणजे आधी गारगोटी आणि मग रेडियम. रेडियमच्या १८ वर्षं आधी त्यांनी भावासोबत एक गोष्ट शोधली होती, आणि तुमचा फोन आज त्याच गोष्टीच्या जोरावर चालतो.

आधी घड्याळ म्हणजे काय ते बघू

इथे घड्याळ म्हणजे स्क्रीनवर दिसणारी वेळ नव्हे. प्रोसेसर, मेमरी, कॅमेरा, स्पीकर, सगळ्यांना काम करायला एक ठोका लागतो. लेझीमच्या पथकात हलगीचा ठोका लागतो ना, तसाच. ठोका पडला की सगळे एक पाऊल पुढे. तो चुकला की पथक विस्कटतं.

हा ठोका बहुतेक उपकरणांत क्वार्ट्झच्या, म्हणजे आपल्या गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाच्या एका चकतीतून येतो. आता कारखान्यात वाढवलेला स्फटिक वापरतात. सेकंदाला अडीच कोटी ठोके, म्हणजे २५ मेगाहर्ट्झ देणारी चकती साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असते. केसाएवढीच म्हणा. पण दगडाला वीज कळते कशी? इथून पिएर यांची गोष्ट सुरू होते.

शाळेत न गेलेला मुलगा

पिएर यांचा जन्म १५ मे १८५९ चा, पॅरिसमधला. वडील युजेन क्युरी डॉक्टर होते. घरात पैसा बेताचाच. पिएरला शाळेत घातलंच नाही. हा मुलगा एखाद्या गोष्टीत शिरला की त्यातच बुडून जायचा. घंटा वाजली की विषय बदला, हे त्याला झेपणारं नव्हतं, आणि ते आईवडिलांनी ओळखलं. आई, वडील आणि मोठा भाऊ झाक यांनी घरीच शिकवलं. पुढे गणितासाठी एक शिक्षक ठेवले आणि मग गाडी सुसाट सुटली. १६व्या वर्षी शालान्त पदवी, १८व्या वर्षी विज्ञानाची पदवी.

लगेच डॉक्टरेट करायची तर पैसे नव्हते. म्हणून १८७८ मध्ये सोरबॉन विद्यापीठात प्रयोगशाळा साहाय्यकाची नोकरी धरली. विद्यार्थ्यांसाठी प्रयोग मांडून ठेवायचे, उपकरणं जपायची, असलं काम. झाकही तिथेच खनिजशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. दोघे भाऊ, दोघांना स्फटिकांचं वेड.

दोन भाऊ आणि दाबलेला दगड

टुरमलीन नावाचा स्फटिक तापवला की त्याच्या टोकांवर विद्युतभार येतो, हे तेव्हा लोकांना ठाऊक होतं. भावांनी पुढचा विचार केला. तापवल्यावर स्फटिक किंचित फुगतो, त्याच्या आतली मांडणी हलते. मग तापवण्याऐवजी तो दाबला तर?

पण कुठलाही स्फटिक कसाही दाबून चालणार नव्हतं. ज्याची आतली रचना मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखी असते, त्यात सगळे भार एकमेकांना पुरे पडतात आणि बाहेर काहीच दिसत नाही. ज्यात ही सममिती नाही तोच उपयोगाचा, आणि तोही ठरावीक दिशेने कापलेला. कोणता दगड, कुठल्या दिशेला, हे त्यांनी आधी विचाराने ठरवलं.

प्रयोगाचं सामान बघाल तर हसू येईल. स्फटिकाच्या दोन बाजूंना कथलाचा पातळ पत्रा चिकटवला, तो काचेने वेगळा राखला, आणि सगळं वर्कशॉपमध्ये लोखंड पकडायला असतो तसल्या व्हाइसमध्ये आवळलं. पत्र्यांच्या तारा विद्युतभार दाखवणाऱ्या यंत्राला जोडल्या. व्हाइस आवळला की यंत्राचा काटा हलायचा, सैल केला की उलट दिशेने जायचा. टुरमलीन, क्वार्ट्झ, टोपाझ, एवढंच काय, उसाच्या साखरेचा स्फटिकसुद्धा दाबल्यावर वीज देत होता. साल १८८०. पिएर २१ वर्षांचे होते.

याला आपण दाबविद्युत् म्हणतो. तुमच्या स्वयंपाकघरातला टिक-टिक करणारा गॅस लायटर आठवा. बॅटरी नाही, तरी ठिणगी पडते. तिथेही खटका दाबला की आतल्या एका तुकड्यावर ठोका बसतो आणि तो वीज देतो.

पुढच्याच वर्षी गॅब्रिएल लिपमन या शास्त्रज्ञाने कागदावर गणित मांडून दाखवलं की याचं उलटंही व्हायला हवं. दाबल्यावर वीज मिळत असेल, तर वीज दिल्यावर स्फटिकाने आकार बदलायला हवा. भावांनी १८८१ मध्येच प्रयोग करून ते खरं ठरवलं.

इथे जरा थांबा, कारण फोनचं घड्याळ याच दोन्ही बाजूंवर चालतं. चकतीला वीज दिली की ती वाकते. वाकलेली चकती सोडली की परत येताना थोडी वीज देते. ती वीज वाढवून पुन्हा चकतीलाच दिली की ती थरथरत राहते. झोका परत आला की हलकासा धक्का द्यायचा, बस. ठोका किती जलद पडणार, हे चकतीच्या जाडीवर आणि ती कुठल्या कोनात कापली त्यावर ठरतं.

वजन टांगून वीज मोजणारं यंत्र

भावांनी त्यातून घड्याळ मात्र बनवलं नाही. त्यांनी मोजमापाचं यंत्र बनवलं. क्वार्ट्झची लांब पातळ पट्टी घ्यायची आणि तिला खाली वजन टांगायचं. ठरावीक वजनाला ठरावीक विद्युतभार मिळतो. मग एखादा अगदी सूक्ष्म प्रवाह मोजायचा असेल, तर त्याने आणलेला भार क्वार्ट्झच्या भाराने रद्द करायचा आणि किती वजन लागलं, किती वेळ लागला, ते बघायचं. किराणा दुकानातल्या तराजूचंच तत्त्व, फक्त एका पारड्यात वीज.

१८८३ मध्ये झाक यांना माँपेल्येला नोकरी मिळाली आणि भावांची जोडी फुटली. पिएर त्याआधीच, १८८२ मध्ये, पॅरिसमध्ये नव्याने उघडलेल्या भौतिक आणि रसायनशास्त्राच्या महापालिका शाळेत प्रयोगशाळाप्रमुख झाले होते. तिथे ते २२ वर्षं राहिले. पगार तुटपुंजा, आणि स्वतःच्या संशोधनाला वेगळी खोली नाही. बराच काळ त्यांचे प्रयोग जिन्याजवळच्या बोळकांडीत चालायचे. डोक्यात मात्र पहिल्या दर्जाचं काम चालू होतं. १८९४ मध्ये त्यांनी सममितीवर लिहिलेला लेख आजही भौतिकशास्त्रात पाया मानला जातो. चुंबकत्वावर त्यांनी केलेल्या मोजमापांतून कळलं की प्रत्येक चुंबकीय पदार्थाचं एक तापमान असतं आणि त्यापुढे तो चुंबकत्व गमावतो. लोखंडासाठी ते सुमारे ७७० अंश सेल्सिअस. त्याला आजही क्युरी तापमान म्हणतात. इतकं सगळं होऊनही डॉक्टरेटचा प्रबंध त्यांनी १८९५ मध्ये दिला, वयाच्या ३५व्या वर्षी, तोही वडिलांनी आणि मेरी यांनी मागे लागल्यावर.

मेरी, सायकली आणि एक शेड

मेरी स्क्लोडोव्स्का पोलंडहून पॅरिसला शिकायला आल्या होत्या. १८९४ मध्ये दोघांची ओळख झाली आणि २६ जुलै १८९५ ला लग्न. आहेरात मिळालेल्या पैशांतून दोन सायकली घेतल्या आणि त्यांवरून फ्रान्सच्या गावांत भटकले.

मेरी यांनी डॉक्टरेटसाठी युरेनियममधून निघणारे किरण निवडले. त्या किरणांमुळे हवेतून वीज वाहते, पण तो प्रवाह एका ॲम्पिअरच्या अब्जाव्या भागापेक्षाही लहान. तो अचूक मोजणार कशाने? घरातच उत्तर होतं: १५ वर्षांपूर्वीचं ते वजन टांगायचं क्वार्ट्झ यंत्र. त्यावर मेरी यांनी एकेक खनिज मोजलं आणि एक खनिज युरेनियमपेक्षाही जास्त तेज निघालं. आकड्यावर भरवसा होता म्हणूनच त्यांना म्हणता आलं की आत आणखी काहीतरी आहे. पिएर यांनी स्वतःचं स्फटिकांचं काम बाजूला ठेवलं आणि पत्नीच्या कामात उतरले. जुलै १८९८ मध्ये पोलोनियम, डिसेंबरमध्ये रेडियम.

पुढची चार वर्षं एका गळक्या शेडमध्ये गेली. टनावारी खनिज उकळून, गाळून, १९०२ मध्ये हाती आलं ०.१ ग्रॅम रेडियम क्लोराइड. रेडियम वेगळं काढण्याच्या पद्धतीचं पेटंट दोघांनी घेतलं नाही. पैशांची गरज नव्हती असं नाही. पण विज्ञान सगळ्यांचं आहे, अशी त्यांची धारणा होती.

१९०३ चं नोबेल आधी हेन्री बेकरेल आणि पिएर या दोघांनाच द्यायचा विचार चालला होता. हे कळल्यावर पिएर यांनी मेरी यांचं नाव त्यात असायलाच हवं असं कळवलं. तिघांना ते मिळालं. फ्रान्स सरकारचा मानाचा लीजन ऑफ ऑनर मात्र पिएर यांनी घेतला नाही. त्यांना प्रयोगशाळा हवी होती, बिल्ला नको होता.

याची किंमत शरीराने मोजली. रेडियमचा परिणाम बघायला पिएर यांनी ते स्वतःच्या दंडाला १० तास बांधून ठेवलं. कातडी भाजली आणि जखम भरायला कित्येक आठवडे लागले. तेही त्यांनी शांतपणे नोंदवून छापलं. या नोंदींमुळे पुढे कर्करोगावर रेडियम वापरण्याची वाट उघडली. पण पाय दुखायचे, थकवा जात नव्हता, डॉक्टर संधिवात म्हणायचे. नोबेलचं व्याख्यान द्यायला ते स्टॉकहोमला पोचले ते थेट १९०५ च्या जूनमध्ये.

१९०४ मध्ये सोरबॉनने अखेर प्राध्यापकपद दिलं. १९ एप्रिल १९०६, गुरुवार, पॅरिसमध्ये पाऊस पडत होता. दोफिन रस्ता ओलांडताना पिएर मालाने लादलेल्या घोडागाडीखाली आले आणि जागच्या जागी गेले. वय ४६. थोरली मुलगी आयरीन आठ वर्षांची, धाकटी एव्ह जेमतेम सव्वा वर्षाची. त्यांच्या जागेवर सोरबॉनने मेरी यांना नेमलं. त्या विद्यापीठातल्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक. १९९५ मध्ये दोघांच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवल्या गेल्या.

गारगोटीचं घड्याळ झालं कसं?

पिएर यांचे विद्यार्थी पॉल लँजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात क्वार्ट्झ थरथरवून पाण्यात ध्वनिलहरी सोडल्या, पाणबुड्या शोधण्यासाठी. त्याच युद्धकाळात या विषयाकडे वळलेले अमेरिकेतले वॉल्टर केडी यांच्या लक्षात आलं की क्वार्ट्झची चकती आपल्या ठरावीक वेगालाच हट्टाने धरून राहते. त्यांनी त्यातून पक्का ठोका देणारं सर्किट बनवलं. १९२७ मध्ये बेल लॅब्समध्ये वॉरन मॅरिसन आणि जोसेफ हॉर्टन यांनी पहिलं क्वार्ट्झ घड्याळ केलं. २५ डिसेंबर १९६९ ला सेइकोने मनगटावरचं क्वार्ट्झ घड्याळ विकायला काढलं. यातलं पिएर यांना काहीच बघायला मिळालं नाही.

आणि आज कर्नलला हे सांगायचं कसं?

आता माझ्या टेबलावर या. एका बोर्डवर प्रत्येक भागाला वेगळा ठोका लागतो. प्रत्येकासाठी वेगळा स्फटिक लावणं परवडत नाही. म्हणून एक स्फटिक आणि त्याला जोडलेली एक क्लॉक जनरेटर चिप वापरतात. मूळची सिलिकॉन लॅब्सची एसआय ५३५१ ही अशीच प्रसिद्ध चिप. ती आधी स्फटिकाचा ठोका गुणून ६०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या मध्ये नेते, मग त्याला भागून हवा तो ठोका काढते. उदाहरण घेऊ. आवाजाच्या चिपला २४.५७६ मेगाहर्ट्झ हवेत. २५ ला ३५.३८९४४ ने गुणलं की ८८४.७३६. त्याला ३६ ने भागलं की बरोबर २४.५७६.

हे गुणाकार-भागाकार कर्नलमधला ड्रायव्हर करतो आणि आयस्क्वेअरसी नावाच्या दोन तारांवरून चिपला कळवतो. पण त्याआधी त्याला मूळ आकडा ठाऊक हवा, आणि इथेच खरी मेख आहे. स्फटिक बोलत नाही. यूएसबीचा माउस लावला की तो स्वतःची ओळख सांगतो, पण चकतीला तू कितीची, असं विचारायची सोय नाही. म्हणून माणसाने एका मजकुरी फाइलमध्ये लिहून द्यायचं. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. त्यात साधारण तीन गोष्टी येतात:

- स्फटिकाची नोंद: हा ठोका न बदलणारा आहे आणि तो सेकंदाला २,५०,००,००० आहे.
- चिपची नोंद: ही कुठल्या जातीची, तारेवर तिचा पत्ता काय, आणि ती ठोका कोणाकडून घेते. इथे वरच्या स्फटिकाकडे बोट दाखवायचं.
- घेणाऱ्याची नोंद: आवाजाची चिप ठोका घेते तो जनरेटरच्या कुठल्या नंबरच्या पिनवरून.

कर्नल हे वाचतो आणि घड्याळांचं एक झाड बनवतो. बुंध्याला स्फटिक, फांदीवर जनरेटर, पानावर आवाज किंवा कॅमेरा. २०१२ मध्ये लिनक्स ३.४ पासून या झाडासाठी कॉमन क्लॉक फ्रेमवर्क नावाची एकच सामायिक व्यवस्था आहे. त्यात ठोका सुरू करण्याच्या दोन पायऱ्या आहेत, तयारी आणि चालू करणं. आयस्क्वेअरसीसारख्या संथ तारेवरून बोलताना थांबावं लागतं, आणि कर्नलमध्ये काही वेळा थांबायला अजिबात परवानगी नसते. म्हणून थांबायचं काम तयारीत उरकायचं.

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही हेच. क्वालकॉमच्या कित्येक चिप्सच्या डिव्हाइस ट्रीत बुंध्याला १,९२,००,००० हा आकडा लिहिलेला असतो, म्हणजे १९.२ मेगाहर्ट्झ.

समजा बोर्डवर स्फटिक २५ चा आहे आणि फाइलमध्ये लिहिलं २७. ही चिप दोन्ही आकडे चालवून घेते, त्यामुळे तक्रार कोणीच करणार नाही. कर्नल २७ धरून गणित मांडेल आणि प्रत्येक ठोका साडेसात टक्क्यांच्या आसपास हळू पडेल. चार मिनिटांचं गाणं सुमारे १९ सेकंद जास्त चालेल आणि गायकाचा सूर उतरेल. गंमत म्हणजे कर्नलला ठोक्यांची यादी विचारली तर तो ठामपणे २४.५७६ च दाखवेल. कारण तो आकडा त्याने हिशोबाने काढलाय, मोजलेला नाही. खरं काय ते कळायला पिनवर ऑसिलोस्कोप किंवा फ्रीक्वेन्सी काउंटर लावावा लागतो.

म्हणून मला पिएर यांचं ते वजन टांगायचं यंत्र रेडियमपेक्षा जवळचं वाटतं. मेरी यांनी त्यावर मोजलं आणि आलेला आकडा त्या वेळच्या समजुतीत बसत नव्हता, तरी दोघांनी त्या आकड्याची बाजू घेतली. बोर्ड हातात आल्यावर मीही आधी स्फटिकावर छापलेला आकडा बघतो, मग पिनवर प्रत्यक्ष मोजतो, आणि त्यानंतरच फाइलमध्ये लिहितो.

तुमच्याकडे रास्पबेरी पाय किंवा तसला लिनक्स बोर्ड असेल तर एक करून बघा. रूट होऊन डीबग-एफएस माउंट करा, त्यातल्या क्लॉकच्या फोल्डरमधली सारांशाची फाइल उघडा. घड्याळांचं अख्खं झाड समोर येईल. सगळ्यात वरची ओळ कुठल्या स्फटिकाची आहे ते शोधा आणि बोर्डवर तो चांदीच्या रंगाचा छोटा डबा दिसतो का बघा. त्याच्या आत पिएर आणि झाक यांची गारगोटी थरथरत असते.